खांबाचा भाव विचारण्याआधी जमीन विचारा

दुकान असो, गोदाम असो, वर्कशॉप असो की जमातीचे कब्रस्तान, आवारात दिव्याचा खांब उभा करायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खांब कितीला पडेल? दुसरा प्रश्न, उंची किती? तिसरा, दिवा किती वॅटचा? खांब जमिनीत बसवणार कसा, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. ते काम मिस्त्रीवर सोडले जाते, मिस्त्री ते खड्डा खणणाऱ्या मजुरावर सोडतो, आणि मजूर पहारीला दगड लागला की खणणे थांबवतो.

खांबाचा जो भाग डोळ्यांना दिसतो त्याचा आपण भाव करतो. जो दिसत नाही त्याचा हिशेबच धरत नाही. पण खांब कलतो, गंजतो किंवा पडतो तो बहुतेक वेळा खालूनच. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. आधी जमीन पाहावी, तिच्यावरून बसवण्याची पद्धत ठरवावी, आणि मग खांबाचा भाव करावा. पायाचे काम बिलात वेगळ्या ओळीत लिहावे. घेणाऱ्याने तसे मागावे आणि करणाऱ्याने तसे द्यावे.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. कारण या व्यवहारात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. एका बाजूला दुकानदार, गोदामवाले, ट्रस्टचे आणि जमातीचे जबाबदार लोक. दुसऱ्या बाजूला वेल्डर, फॅब्रिकेटर, वायरमन, गवंडी. शिरवळ परिसरात औद्योगिक वसाहत आली, महामार्ग रुंद झाला, आणि त्याबरोबर फॅब्रिकेशनच्या कामांची मागणीही आली. मी स्वतः कापडाचा व्यापारी, शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, इंजिनिअरिंगशी माझा संबंध नाही. पण खरेदीचा धंदा तीस वर्षे केला आहे. कापडात अस्तर निकृष्ट निघाले तर शेरवानी दोन धुण्यांत बसते, हे मला ठाऊक आहे. खांबाचे अस्तर जमिनीखाली असते, एवढाच फरक. शेरवानी बसली तर गिऱ्हाईक रागावते. खांब पडला तर माणूस मरतो.

तीन घटना, एक धडा

दिव्याचा साधा खांब पडला तर त्याची बातमी फारशी होत नाही. जाहिरातींचे मोठे फलक पडले तेव्हा मात्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुना बाजार चौकात लोखंडी सांगाडा काढण्याचे काम चालू होते. खालचा भाग कापला जात असताना सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. ४ जणांचा मृत्यू झाला. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ रावेत-किवळे येथे वादळी वारा सुटला. लोक आडोसा म्हणून फलकाखाली उभे राहिले आणि फलक त्यांच्यावरच आला. ५ जण गेले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ जण दगावले. त्या फलकाचा पाया अपुरा होता, असे नंतर पुढे आले.

फलक आणि दिव्याचा खांब एक नव्हेत, हे मान्य. आकार वेगळा, वजन वेगळे. पण शास्त्र एकच आहे. उंच उभी वस्तू, वरून वारा ढकलतो आणि खाली जमीन धरून ठेवते. वाऱ्याचा जोर जमिनीच्या पकडीपेक्षा जास्त झाला की वस्तू पडते.

शेवटच्या दोन तारखा पुन्हा पाहा. १७ एप्रिल आणि १३ मे. हे वळवाचे दिवस. आपल्याकडेही वळवाचा वारा असाच अचानक येतो. आणि नेमक्या याच दिवसांत आपली काळी जमीन उन्हाने फाटलेली असते.

आपली जमीन कशी आहे

शिरवळ हे नीरेच्या काठी, पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या हद्दीवर वसलेले गाव. नदीच्या बाजूला काळी माती. घाटाच्या आणि टेकड्यांच्या बाजूला गेले की थोड्याच खोलीवर मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. एकाच गावात दोन वेगळ्या जमिनी आहेत. पुढे सांगली-मिरजेकडे कृष्णाकाठी काळी माती खोलवर जाते. पाचगणी-महाबळेश्वरला जांभा दगड. त्यामुळे एका गावातला खड्डा दुसऱ्या गावात चालेलच असे नाही.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला विचारा. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत नुसता खड्डा खणून खांब गाडला आणि त्याच मातीने भरला, तर पावसाळ्यात माती खांबाला दाबते आणि उन्हाळ्यात त्याला सोडते. दरवर्षी थोडी फट पडते. फटीत पाणी जाते. दोन-तीन वर्षांत ओळंब्यात उभा असलेला खांब एका बाजूला झुकतो. लोक म्हणतात, ट्रकने धक्का दिला असेल. ट्रक नव्हे, मातीनेच तो हलवलेला असतो.

मुरूम मात्र चांगली पकड देतो. फुगत नाही, पाणी निचरून जाते. म्हणून काळ्या मातीच्या जागेत नियम एकच. खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा, आणि भराव काळ्या मातीचा न करता मुरमाचा किंवा काँक्रीटचा करावा. पाच फुटांपर्यंतही मुरूम लागला नाही तर तिथे अंदाजाने काम करू नये, इंजिनिअरला दाखवावे. काळ्या मातीसाठी खाली फुगा असलेला खोल पाया घालण्याची पद्धत आपल्या देशात फार वर्षांपासून आहे.

खांब बसवण्याच्या पद्धती

पहिली पद्धत गाडण्याची. खांबाच्या एकूण लांबीचा सुमारे सहावा हिस्सा जमिनीत, हा सर्वसाधारण नियम. २४ फुटांचा खांब असेल तर ४ फूट खाली, २० फूट वर. ३० फुटांचा असेल तर ५ फूट खाली. महावितरणच्या ८ मीटरच्या सिमेंटच्या खांबाचाही सुमारे दीड मीटर भाग जमिनीत असतो. खड्ड्याच्या तळाला काँक्रीटचा थर, त्यावर खांब, भोवती काँक्रीट, आणि जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंचीचे मफिंग. मफिंगचा माथा उतरता हवा, म्हणजे पाणी खांबापाशी साचत नाही. हे मफिंग शोभेसाठी नसते. लोखंड सर्वांत लवकर गंजते ते जमिनीच्या रेषेवर, जिथे कधी ओल असते आणि कधी हवा लागते. त्या जागेचे संरक्षण मफिंग करते.

या पद्धतीचा फायदा असा की बुडाशी वेल्डिंग नसते, काम सोपे असते, आणि साध्या मिस्त्रीलाही जमते. तोटा असा की खांब एकदा गाडला की गाडला. जागा बदलायची तर कापावा लागतो, आणि खालचे चार फूट जमिनीतच राहतात.

दुसरी पद्धत बेस प्लेटची. आधी काँक्रीटचा पाया, त्यात चार फाउंडेशन बोल्ट. खांबाच्या बुडाला जाड प्लेट वेल्ड केलेली. पाया पक्का झाल्यावर खांब बोल्टांवर बसवून नट आवळायचे. खालच्या नटांनी खांब ओळंब्यात आणता येतो. मग प्लेटखालची फट चांगल्या मसाल्याने भरायची. फायदा असा की खांब काढता येतो, दुसरीकडे नेता येतो, आणि धक्का लागून वाकला तर पाया न फोडता बदलता येतो.

या पद्धतीत चूक होण्याच्या जागा मात्र जास्त आहेत. बोल्ट टेम्प्लेट न लावता अंदाजाने रोवले की प्लेटची भोके जुळत नाहीत. मग भोके गॅसने मोठी केली जातात आणि पकड जाते. पाईप आणि प्लेट यांच्यामधले वेल्डिंग कच्चे राहिले तर सगळा जोर त्या एका रेषेवर येतो. चारही बाजूंना त्रिकोणी पट्ट्या लावल्या नाहीत तर मोठ्या खांबाला ते वेल्ड पुरत नाही. गॅल्वनाइझ केलेल्या पाईपवर नंतर वेल्डिंग केले तर तेवढ्या भागातले जस्त जळते. म्हणून प्लेट आधी जोडून मग पूर्ण खांब गॅल्वनाइझ करावा. ते शक्य नसेल तर वेल्ड घासून त्यावर जस्ताचा रंग दोन हात द्यावा. आणि आमच्या वेल्डर भावांना एक विनंती. गॅल्वनाइझ पाईपचा धूर छातीत जातो, अंगात ताप भरतो. हे काम बंद खोलीत करू नका.

तिसरी पद्धत खडकासाठी. जमिनीच्या वरच पाषाण असेल तर तो फोडून चार फुटांचा खड्डा करण्यात पैसा घालवू नये. खडकात भोके पाडून, धूळ साफ करून, बोल्ट मसाल्याने पक्के करता येतात. पण खडक अखंड आहे की सुटा धोंडा आहे हे आधी पाहावे. याच पद्धतीची एक वाईट नक्कल अनेक ठिकाणी दिसते. आवारातल्या चार इंची कोब्यावर किंवा पेव्हिंग ब्लॉकवर फास्टनर ठोकून वीस फुटांचा खांब उभा करतात. कोबा म्हणजे पाया नव्हे. तो चालण्यासाठी केलेला असतो.

याशिवाय अरुंद पेठेत खांब लागतोच असेही नाही. भिंत मजबूत असेल, घरमालकाची परवानगी असेल, तर भिंतीवरचा ब्रॅकेट हाच शहाणपणा. रस्ता अडत नाही आणि खड्डाही नाही.

लोखंडाचा हिशेब

बेस प्लेटचे काम महाग पडते म्हणून लोक ते टाळतात. हा समज वजनकाट्यावर घालून पाहू.

बाजारात पाईप साधारणपणे २० फूट लांबीचा मिळतो. गाडण्याच्या पद्धतीत २० फूट उंची हवी असेल तर २४ फूट पाईप लागतो. म्हणजे एक पूर्ण पाईप आणि चार फुटांचा तुकडा जोडायचा. जोड आला की कमजोर जागा आली. जोड नको म्हणून २० फुटांचाच पाईप गाडला, तर सव्वातीन फुटांच्या वर भाग जमिनीत जातो आणि उंची पावणेसतरा फुटांच्याही आत राहते. बेस प्लेटच्या पद्धतीत अख्खा २० फूट पाईप जमिनीवर राहतो, एका लांबीत आणि बिनजोड.

आता वजन. चार इंची मध्यम जाडीच्या पाईपचे वजन मीटरला सुमारे १२ किलो. चार फूट जादा पाईप म्हणजे सुमारे १५ किलो लोखंड. दुसऱ्या बाजूला १२ इंच बाय १२ इंच, १२ मि.मी. जाडीची प्लेट सुमारे ९ किलोची. २० मि.मी.चे, दोन फूट लांबीचे चार बोल्ट सुमारे ६ किलोचे. बेरीज पुन्हा १५ किलोच. वर नट, वॉशर आणि त्रिकोणी पट्ट्या.

सिमेंटचेही तसेच. दोन फूट बाय दोन फूट, चार फूट खोल चौकोनी पाया म्हणजे १६ घनफूट काँक्रीट. एकास दीडास तीन प्रमाणाने त्याला साडेतीन ते चार गोण्या सिमेंट लागते. गाडलेल्या खांबाभोवती दोन फूट व्यासाचा, चार फूट खोल खड्डा काँक्रीटने नीट भरला तर तिथेही तीन गोण्यांच्या जवळपास सिमेंट जाते.

म्हणजे मालाच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक आहे तो हातकामाचा: प्लेट कापणे, भोके पाडणे, टेम्प्लेट करणे, थोडे सळईकाम, चांगले वेल्डिंग. ती मजुरी आपल्याच कारागिराच्या घरात जाते. मग गाडण्याचे काम एवढे स्वस्त कसे सांगितले जाते? उत्तर सोपे आहे. ते स्वस्त तेव्हाच पडते जेव्हा खड्डा दोन फुटांवर थांबतो आणि तीन गोण्यांच्या जागी एक गोणी जाते. ती बचत पद्धतीमुळे होत नाही. ती कमी केलेल्या कामातून येते.

वाऱ्याचा हिशेब

बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. असा वारा रोज येत नाही. पण उभे केलेले काम त्याच्यासमोर टिकले पाहिजे, असा त्याचा अर्थ. या वेगाला एका चौरस फुटावर सुमारे साडेआठ किलोचा दाब येतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो.

ठोकळ हिशेब असा. जमिनीवर २० फूट उंच पाईप, बाहेरचा व्यास साडेचार इंच. वाऱ्यासमोर येणारे क्षेत्र साडेसात चौरस फूट, दाब सुमारे ६५ किलो. हा जोर मध्यावर, दहा फुटांवर धरला तर बुडाशी उलटवणारा जोर ६५० किलो-फूट. माथ्यावर एक चौरस फुटाचा दिवा, त्याचे सुमारे १७०. एकूण सुमारे ८२०. गोल पाईपला वारा याहून थोडा कमी लागतो, पण हिशेबाला एवढे पुरे.

आता त्याच खांबावर दहा फुटांवर तीन फूट बाय सहा फुटांचा फ्लेक्स बांधा. १८ चौरस फूट. त्याचा एकट्याचा जोर सुमारे १५५० किलो-फूट. एकूण बोजा २३७० वर गेला, म्हणजे जवळजवळ तिप्पट. सपाट फ्लेक्सला तर वारा आणखी जास्त लागतो. सण, निवडणूक, वाढदिवस, सेल, कोणतेही निमित्त असो, आपल्या गावात कोणता खांब फ्लेक्सवाचून राहतो? सेलचे फ्लेक्स लावणाऱ्यांत आम्ही कापडवाले कोणाच्या मागे नाही, हेही सांगून टाकतो. तेव्हा एक तर पाया फ्लेक्स धरून करावा, नाही तर खांबावर फ्लेक्स बांधू देऊ नये. तिसरा मार्ग नाही.

मग कुठे काय करावे

माझे मत असे. आवारातला बारा फुटांपर्यंतचा लहान खांब, जमीन मुरमाची, जागा बदलण्याचा संभव नाही, अशा ठिकाणी काँक्रीट करून गाडणे योग्य आहे. त्यासाठी प्लेट-बोल्टचा थाट नको.

वीस फूट आणि त्याहून उंच खांब असेल, जमीन काळी असेल, किंवा खांब रस्त्याच्या कडेला असेल, तर बेस प्लेटच घ्यावी. रस्त्याच्या कडेचा मुद्दा शिरवळकरांना वेगळा सांगायला नको. आपला महामार्ग, पूर्वीचा ४ नंबरचा आणि आताचा ४८, आधी चौपदरी झाला. २०१० पासून सहापदरीकरणाचे काम सुरू झाले. प्रत्येक रुंदीकरणात कडेच्या वस्तू मागे सरकवाव्या लागतात. बोल्टवरचा खांब दोन पान्यांनी निघतो आणि पुन्हा उभा राहतो. गाडलेला खांब कापावा लागतो, आणि उभा खांब बुडातून कापणे किती धोक्याचे असते हे पुण्याच्या जुना बाजारने दाखवले आहे. रस्त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय खांब लावूच नये, हे तर आधी आले. गावातली दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम आहे. आपण आपल्या हद्दीत करावे.

कब्रस्तानाचा मुद्दा वेगळा आहे. तिथे पुन्हा पुन्हा खणणे कोणालाच पसंत नसते. म्हणून खांब शक्यतो कंपाऊंडच्या भिंतीलगत घ्यावेत, पाया एकदाच पक्का करावा आणि वर बेस प्लेट ठेवावी. पुढे खांब बदलला तरी जमिनीला हात लावावा लागत नाही. ईदगाहचे मैदान उघडे असते, वाऱ्याला अडवणारे काही नसते. तिथे पायात काटकसर नको.

विजेचे काम पायाबरोबरच ठरते

खांब उभा राहिल्यावर वायरमनला बोलावण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. केबलचा पाईप काँक्रीट ओतण्याआधी पायात बसवावा लागतो. नंतर केबल बाहेरून गुंडाळून वर नेतात. ती उन्हाने तडकते आणि पावसात लोखंडी खांबात करंट उतरतो. जमिनीतून नेलेली केबल अडीच फूट खोल असावी. जोड खांबाच्या बुडाशी नसावा. तो पेटीत असावा आणि पेटी पाणी साचते त्याहून वर असावी. प्रत्येक खांबाला अर्थिंग हवे, आणि लाईनवर ३० मिलीअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच हवा. काम परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावे. मुले खांबाला हात लावून फेर धरतात, जनावर अंग घासते. हा खर्च त्यांच्यासाठी आहे.

आणखी एक खबरदारी, करणाऱ्यांसाठी. खांब उभा करताना तो कोणत्याही बाजूला आडवा झाला तरी महावितरणच्या तारेला लागणार नाही, एवढे अंतर हवे. नसेल तर महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्या. एका दुपारच्या मजुरीसाठी जीव देऊ नका.

खड्डा आधी, कोटेशन नंतर

आता मुख्य गोष्ट, व्यवहाराची. आपल्याकडे तीन कोटेशने मागवतात आणि सर्वांत कमी असेल त्याला काम देतात. तिन्हींत एकच ओळ असते: "दिव्याचा खांब, बसवण्यासह." या 'बसवण्यासह' शब्दात सगळी लबाडी मावते. जो चार फूट खणणार आहे आणि जो दोन फूट खणणार आहे, दोघांची ओळ सारखीच दिसते. मग ईमानदार कारागीर महाग ठरतो आणि काम गमावतो. पुढच्या वेळी तोही दोन फूटच धरतो. अशाने चांगला कारागीर बिघडतो, आणि त्याला बिघडवणारे आपण गिऱ्हाईक असतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. कोटेशन मागवण्याआधी एका मजुराला एक दिवसाची मजुरी देऊन एक खड्डा खणून घ्यावा. किती फुटांवर मुरूम लागला, पाणी लागले का, खडक आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. मग सर्वांना तोच खड्डा दाखवून भाव मागावा. आणि कोटेशनमध्ये या ओळी वेगळ्या मागाव्यात: खांब, त्याची जाडी व गॅल्वनाइझिंग, पायाचे माप व खोली, सिमेंटच्या गोण्या, बोल्टची जाडी व लांबी, केबल, अर्थिंग व स्विच, मजुरी. कापडाच्या बिलात आपण पन्हा, मीटर आणि भाव वेगळे लिहितो. इथे एकच आकडा का मान्य करावा?

काम चालू असताना दोन वेळा हजर राहावे. एकदा खड्डा तयार झाल्यावर, टेप घेऊन. दुसऱ्यांदा काँक्रीट ओतताना, गोण्या मोजायला. नंतर निदान सात दिवस पाणी मारावे आणि तोवर खांब चढवू नये. काँक्रीटला पूर्ण ताकद येण्यास २८ दिवस लागतात. "सकाळी ओतले, संध्याकाळी उभा केला" ही तारीफ नाही, तक्रार आहे.

दरवर्षी मार्च महिन्यात, वळवाच्या आधी, आणि पावसाळा संपल्यावर एकेकदा खांब तपासावे. नट आवळलेले आहेत का, मफिंगला चीर आहे का, बुडाशी हातोडीने ठोकल्यावर आवाज खणखणीत येतो की बद्द. बद्द आवाज म्हणजे आतून गंज. असा खांब वळवाची वाट पाहत उभा ठेवू नये.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक ऐकत नाही, त्याला स्वस्तच हवे. खरे आहे. पण कारागिराने निदान लिहून द्यावे. दोन भाव द्यावेत, एक पूर्ण पायाचा आणि एक कमी उंचीच्या खांबाचा, आणि वीस फुटांचा खांब अर्ध्या पायावर करणार नाही हे स्पष्ट सांगावे. पैसे कमी असतील तर उंची कमी करा, खांबांची संख्या कमी करा, भिंतीवर ब्रॅकेट लावा. पाया कमी करू नका. एखादे काम हातचे जाईल. पण ज्याचे खांब वळवानंतरही ओळंब्यात उभे दिसतात, त्याचे नाव बाजारात आपोआप चालते, आणि अशा नावातच धंद्याची बरकत असते.

संस्थांच्या जबाबदार लोकांवर तर हा भार दुप्पट आहे. त्यांच्या हातातला पैसा लोकांचा आहे, अमानत आहे. अमानतीचा हिशेब फक्त रुपयांनी पुरा होत नाही. त्या रुपयांत जे उभे केले ते लोकांच्या डोक्यावर पडणार नाही, हेही त्या हिशेबात येते. यंदाच्या वळवाआधी ज्यांना खांब लावायचे आहेत त्यांनी एवढे तरी करावे. दुकानदाराला फोन करण्याआधी टिकाव-फावडे बोलवावे.